पिरिटाचं घर, रस्त्यापासून चुलीपर्यंत

पिरिटा मी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिक रोडला, आमच्या बाहेरच्या खोलीत, भाड्याने आणलेल्या टीव्हीवर, आणि तेही काळंपांढरं. टीव्ही कलर होता हे आधीच सांगून टाकते, नाहीतर व्हिडिओवाले कादरभाई जिथे असतील तिथून माझ्यावर उखडतील. कॉलनीतल्या निम्म्या बायका, त्यांचे नवरे आणि आमची आत्या असे सगळे मिळून माझं सासर बघायला बसले होते. मुलगी बघायला गर्दी जमते हे सगळ्यांना माहीत आहे. सासर बघायला सतरंज्या अंथराव्या लागल्या असं घर बहुधा आमचंच. पिरिटा म्हणजे टॅलिन शहराचा समुद्रकाठचा, राहत्या घरांचा भाग. टॅलिन ही एस्टोनियाची राजधानी. आणि एस्टोनिया म्हणजे काय, हे त्या वर्षी आमच्या कॉलनीत कुणालाच धड सांगता येत नव्हतं. शेजारी भूगोलाचे सर राहायचे. त्यांनी मोठ्या हौसेने शाळेतला भिंतीवरचा नकाशा घरी आणला, तर त्यात तो देशच नाही. नकाशा जुना, देश नवा. सरांनी रशियाच्या डाव्या कडेला, समुद्राच्या काठाशी बोट टेकवलं आणि "इथे कुठेतरी," म्हणाले. त्यांचं बोट हललं तसं आईने तिथे कुंकवाचं बोट टेकवलं. नकाशा शाळेचा होता, सर तो कुंकवासकट परत घेऊन गेले.

आमचं घर जेल रोडच्या बाजूला, तीन खोल्या आणि पुढे एवढंसं अंगण. अंगणात कढीपत्ता आणि धुण्याचा दगड. अण्णा नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते, त्यामुळे घरात घड्याळ असून त्याच्याकडे कुणी बघत नसे. भोंगा झाला की आई कुकर चढवायची, पुढचा भोंगा झाला की अण्णांची सायकल फाटकाला लागायची. देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे आणि आम्ही तेवढ्यात भाजी वाढून घ्यायचो. अण्णांना नोकरीने एक खोड लावली होती. कुठलाही कागद हातात आला की ते तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघायचे. रेशनकार्ड, माझं प्रगतिपुस्तक, लोकांच्या लग्नपत्रिका, काहीही. श्रीकांतचा फोटो आला तेव्हा तोही त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडात धरला, उलटून पाहिला आणि "खरा वाटतो," म्हणाले. मुलाबद्दल त्यांचं एवढंच मत आम्हाला मिळालं.

घरातलं खरं मत वेणूआत्याचं. आत्या अण्णांची थोरली बहीण, निफाडकडे दिलेली, नवरा गेल्यावर आमच्याकडे आलेली. मी तेव्हा पाळण्यात होते. आई बालवाडीत शिकवायची. त्यामुळे कॉलनीतली सगळी पोरं आईने वाढवली आणि मला मात्र आत्याने. तिच्या हातची बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि थंडीत हुलग्याचे शेंगोळे, यावर माझा पिंड पोसला. माझी वेणीही तीच घालायची, आणि इतकी करकचून की दिवसभर माझ्या भुवया वर गेलेल्या असायच्या. वर्गात बाईंना वाटायचं मुलीला आश्चर्य फार वाटतं. आत्याने आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. दूधवाल्याचं दूध पातळ, आईची पोळी जाड, अण्णांची सही वाकडी. तिने वाईट म्हटलं नाही म्हणजे वस्तू उत्तम, असं आम्ही समजून चालायचो. रात्री मात्र माझ्या अंगावरचं पांघरूण सरकलं की तिला झोपेतही कळायचं. मी पदवीपर्यंत पोचले तरी ती माझ्या ताटातली मिरची काढून स्वतःच्या ताटात घ्यायची, आणि मी ती परत ओढून घ्यायचे.

श्रीकांतची थोरली बहीण शोभाताई आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. स्थळ तिनेच आणलं. हा पठ्ठ्या शिष्यवृत्ती घेऊन रशियात जहाजांचं इंजिनियरिंग शिकायला गेला होता. शिक्षण झालं, तिकडेच टॅलिनच्या गोदीत नोकरी लागली, आणि मग तो देशच मोडला. याने खोली बदलली नाही, रस्ता बदलला नाही, एका सकाळी उठला तर देश दुसरा. आईला ही गोष्ट फार नीट समजून घ्यायची होती. तिने शोभाताईला विचारलं, देश बदलला, मग घरमालक तोच राहिला का? शोभाताईने सांगितलं, मालकीण आहे, हेल्मी नावाची एकटी म्हातारी, खाली ती राहते, वरच्या दोन खोल्यांत हा. आईचा जीव भांड्यात पडला. देशाचं काय व्हायचं ते होवो, मालकीण जागेवर होती.

डिसेंबरात तो रजेवर आला तेव्हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. आत्याने पोह्यांत मुद्दाम मिरची जास्त घातली होती, माणूस कळतो म्हणून. त्याने दोनदा घेतले, डोळ्यांतून पाणी आलं तरी घेतले. आम्हाला बोलायला अंगणात पाठवलं. तिथे त्याने मला विचारलं, थंडी सोसेल का. मी म्हटलं, नाशकातही थंडी असते, आम्हीसुद्धा स्वेटर घालतो. यावर तो इतका हसला की धुण्याच्या दगडावर बसावं लागलं त्याला. मला असा राग आला! आणि तो राग दुसऱ्या दिवशी सकाळीही गेला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, तेव्हा मला कळलं की हे काही साधं रागाचं प्रकरण नाही. मला त्याच्याबरोबर जायचं होतं. थंडी, देश, समुद्र, काही असो. त्या वेळी मी त्याला "ते" म्हणायचे, आता अरे-तुरेवर आलेय, म्हणून इथे सरळ "तो" लिहितेय. त्याने हे पान वाचलं तर हरकत घेईल, पण त्याचं मराठी वाचन आता वर्तमानपत्राच्या मथळ्यांपुरतंच उरलंय.

पसंती दोन्हीकडून झाली आणि गाडी अडली ती आमच्या घरच्या एका रिवाजावर. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं सगळे म्हणतात. आमच्याकडे लग्न करण्याआधी घर पाहावं जाऊन, असा नियम होता. मुलीकडच्या मोठ्या माणसांनी मुलाच्या घरी जायचं, पाणी कुठून येतं, चूल कुठे आहे, शेजार कसा आहे, हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच सुपारी फोडायची. हा नियम आत्याने घातला होता, आणि तिला तो घालायचा अधिकार होता. तिच्या वेळी आजोबा घर बघायला गेले होते की! त्यांना सागवानी खांबांचं घर दाखवलं, दारात बैलजोडी, अंगणात विहीर. आजोबा खूश होऊन आले. लग्न होऊन आत्या गेली तेव्हा कळलं की ते घर भावकीतल्या दुसऱ्याचं, तेवढ्या दिवसापुरतं मागून घेतलेलं. यांचं घर मागच्या अंगाला, दोन अंधाऱ्या खोल्या, आणि पाणी ओढ्यापलीकडून डोक्यावर आणायचं. आजोबांनी हाय खाल्ली, पण पोरगी परत आणली नाही. तेव्हा आणत नसत. म्हणून घर बघितल्याशिवाय पोरगी द्यायची नाही, आणि ज्याचं आहे त्याचंच बघायचं, यावर आत्या अडून बसली. ती हो म्हणेपर्यंत अण्णा हो म्हणणार नाहीत हे ठरलेलंच होतं. आणि पिरिटाला जाऊन घर बघून येणं म्हणजे काही नाशिक रोडहून निफाडची गाडी पकडणं नव्हे.

दर रविवारी श्रीकांतचा फोन शोभाताईकडे यायचा. पुढच्या रविवारपासून आमचं अख्खं घर तिकडे जाऊन बसू लागलं. आत्या फोनमध्ये तोंड घालून ओरडायची, कारण माणूस लांब होता. तिने पहिला प्रश्न पुराचा विचारला. समुद्राकाठी घर, जवळ नदी, मग पाणी कुठपर्यंत येतं? नाशिकच्या माणसाला हे विचारावंच लागतं. आमच्याकडे गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं की बघ्यांची गर्दी होते आणि गळ्याला लागलं की दुकानं हलतात. श्रीकांत म्हणाला, इथे मारुती नाही, पण किनाऱ्याजवळ पाण्यात एक भलामोठा धोंडा आहे, वादळात तो बुडाला की रस्त्यावर पाणी येतं. घर मात्र वरच्या अंगाला, झाडीत आहे. आत्याने धोंड्याचं नाव विचारलं. त्याला नाव नव्हतं. एवढा मोठा धोंडा आणि त्याला साधं नाव नाही, शेंदूर नाही, हे काही तिला पटलं नाही.

कॅसेटची कल्पना शोभाताईच्या नवऱ्याची. तिकडे कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून श्रीकांतने घर दाखवावं, कॅसेट पाठवावी. आत्याला ते नीट समजावून सांगितलं. मग तिने अटी घातल्या, आणि त्या ऐकून अण्णांनासुद्धा आपली बहीण शिकली असती तर वकील झाली असती असं वाटलं असणार. समुद्रापासून सुरुवात करायची, रस्त्याने चालत यायचं, दार स्वतःच्या किल्लीने उघडायचं आणि चुलीपर्यंत पोचायचं. मध्ये कॅमेरा एकदाही बंद करायचा नाही. बंद केला की घर बदललं, असं धरलं जाईल. हे सगळं तिने फोनवर श्रीकांतला ओरडून सांगितलं. मग तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "आत्या, नाही बंद करणार."

कॅसेट आली तेव्हा द्राक्षांचा हंगाम होता. रविवारी सकाळी कादरभाई हातगाडीवर कलर टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आले. आमचा स्वतःचा टीव्ही लहान, काळापांढरा. खास या प्रसंगासाठी रंगीत मागवला होता. आईने पिंपळगावहून आलेल्या द्राक्षांची टोपली मध्ये ठेवली, आत्या सगळ्यांत पुढे पाटावर चष्मा लावून बसली, आणि कॅसेट चालू झाली ती बिनरंगाची. कादरभाईंनी बटणं फिरवली, टीव्हीच्या पाठीवर दोन थापा मारल्या, आणि अखेर आपली इभ्रत वाचवायला स्वतःकडची एका सिनेमाची कॅसेट लावून दाखवली. त्यात हिरव्या साडीतली नटी मोहरीच्या पिवळ्या शेतातून पळत होती. रंग अगदी ठणठणीत. "देखो, मशीन में कोई फॉल्ट नहीं," असं म्हणून ते चहा घेऊन निघून गेले. म्हणजे मशीनमध्ये रंग होता, टीव्हीत रंग होता, मग नव्हता तो पिरिटात, एवढं सरळ गणित सगळ्यांनी मांडलं. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की तिकडच्या कॅसेटमधला रंग आपल्याकडच्या मशीनला वाचताच यायचा नाही. त्या दिवशी ते सांगणारं कुणी नव्हतं. आत्या एवढंच म्हणाली, "रंगबी न्हाई का तिकडं?"

पडद्यावर पांढरंशुभ्र, सपाट काहीतरी पसरलं होतं आणि श्रीकांतचा आवाज येत होता, हा आमचा समुद्र. खोलीत कुजबूज सुरू झाली. कारण समुद्रावर माणसं चालत होती. एक बाई ढकलगाडीत मूल घालून चालली होती. कुत्री पळत होती. भूगोलाचे सर म्हणाले, बर्फ आहे, गोठलाय. पण सरांच्या नकाशात देश नव्हता, तेव्हापासून त्यांची पत जरा उतरलेली होती. पुढे काही माणसं खोक्यांवर बसली होती, आणि एक जण हाताने मोठं गिरमिट फिरवत खाली भोक पाडत होता. ते बघून आमच्या कॉलनीला एकदम सगळा उलगडा झाला. बोअर चालली होती! त्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि गल्लीगल्लीत बोअर पाडणं चालू होतं. "पाणी लागलं का पण?" असं मागून कुणीतरी काळजीने विचारलं. त्या माणसाने भोकातून हातभर मासा बाहेर काढला, तेव्हा मात्र सगळे गार झाले. अण्णा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि बाजूने वाकून बघून आले. तो उजेडाकडे धरता येत नव्हता, याचं त्यांना फार वाईट वाटलं असणार.

मग रस्ता आला. दोन्ही बाजूंना उंच सरळ झाडं, मध्ये मध्ये लाकडी घरं, फाटकं, प्रत्येक घराच्या भिंतीला रचलेलं सरपण. सरपण बघून आत्याची मान नकळत हलली, पण लगेच तिने ती थांबवली. श्रीकांत धापा टाकत म्हणाला, आता दुपार आहे. आणि पडद्यावर तर दिवेलागण झाल्यासारखं दिसत होतं. आत्याने माझ्या आईकडे वळून बघितलं, ते बघणं बोलण्याहून वाईट. दारापाशी पोचल्यावर त्याच्या हातातून किल्ली निसटली आणि बर्फात पडली. कॅमेरा बंद करायचा नाही ही अट. त्यामुळे तो बिचारा कॅमेरा हातात धरूनच शोधत राहिला, आणि आम्ही सगळे नुसता पांढरा पडदा बघत द्राक्षं खात बसलो. "किल्ली गवसंना म्हणजे घर दुसऱ्याचं," आत्या म्हणाली. तेवढ्यात किल्ली सापडली, दार उघडलं. जिना, वरची खोली, नळ, नळातून वाफाळतं पाणी, शिंकाळ्यासारखी टांगलेली कांद्यांची माळ, एक टेबल, एक खुर्ची. शेवटी शेगडी. "ही चूल. समुद्रापासून इथपर्यंत कॅमेरा बंद केलेला नाही. सगळ्यांना नमस्कार," असं म्हणून त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला. खोलीतल्या सगळ्यांनी टीव्हीला उलट नमस्कार केला आणि लोक उठले.

अंगणात निकाल लागायला सुरुवात झाली. समुद्रावर माणसं चालतात, तो फुटला तर? दुपारी अंधार पडतो. घर लाकडाचं, ठिणगी पडली तर? शोभाताई बिचारी प्रत्येकाला उत्तर देत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता. आत्या उंबऱ्यात येऊन म्हणाली, "दुरून डोंगर साजरे म्हणत्यात. हे तर दुरूनबी साजरं नाय." लोक हसले. अण्णा हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत, आणि मला त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ पाठ होता. दुपारच्या फोनला "राहू द्या" असं सांगायचं, एवढाच तो अर्थ होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भरताची वांगी इतक्या जोराने ठेचली की आई येऊन म्हणाली, वांग्यांनी काय घोडं मारलंय. मला रडायला येत होतं आणि आत्याचा संताप येत होता. रंग नाही तर नाही! मला का तिथे साड्यांचं दुकान टाकायचं होतं? पण हे बोलण्याची माझी हिंमत नव्हती, कारण ओढ्यापलीकडून पाणी मी आणलं नव्हतं, तिने आणलं होतं.

जेवायला वाढलं आणि मी आत्याला बोलवायला बाहेरच्या खोलीत गेले. सगळे अजून अंगणातच होते. आत्या परत येऊन पाटावर बसली होती, एकटीच, कारण तिला टीव्ही बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं, आणि विजेची वस्तू तशीच चालू सोडून उठणं तिला बरं वाटेना. आणि टीव्हीवर पिरिटा अजून चालूच होतं. बंद करायचा नाही, बंद करायचा नाही, हे श्रीकांतने इतकं घोकलं होतं की काम झाल्यावरही तो कॅमेरा बंद करायला विसरला होता. टेबलावर ठेवल्यामुळे चित्र तिरपं दिसत होतं. अर्धी शेगडी, खिडकीचा कोपरा, आणि मध्येच त्याचे हात. मी बटणाकडे हात नेला तर आत्याने माझं मनगट धरलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

त्याने कोट काढून खुंटीला लावला. पातेलं चढवलं, झाकण काढून वास घेतला, चव बघितली, "च्यायला, मीठ," असं म्हणाला आणि मीठ घातलं. मग जिन्यावर पावलं वाजली आणि एक म्हातारी आत आली, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात काठी. हेल्मीबाई हीच असणार. तिने आल्या आल्या त्याला झापायला सुरुवात केली. भाषा आम्हाला कळत नव्हती, पण झापणं कुठल्याही भाषेत कळतं. ती काठीने खाली दाराकडे दाखवत होती, बहुतेक बर्फाचे बूट घालून तो तसाच वर आला होता. तो मान खाली घालून ऐकत होता, तोंडाने हो हो करत होता. बोलता बोलता त्याने ती एकुलती एक खुर्ची उचलून शेगडीजवळ आणली आणि म्हातारीला दंड धरून बसवलं. तिचं झापणं काही थांबलं नाही. त्याने तिच्या पायाखाली पाट सरकवला, तिला वाडग्यात खिचडी दिली, स्वतः भिंतीला टेकून उभ्याने जेवू लागला. म्हातारीने एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, काहीतरी तिखट शेरा मारला असणार, कारण तो हसला. तेच हसणं, आमच्या धुण्याच्या दगडावरचं. मग तिने वाडगा पुढे केला आणि त्याने परत वाढलं. पुढे तो भांडी घासत होता आणि म्हातारी ऊब घेत डोळे मिटून बसली होती. त्याच चित्रावर कॅसेट संपली आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

आत्या त्या मुंग्यांकडेच बघत बसली. बाहेरून अंगणातल्या गप्पा ऐकू येत होत्या, आईने दुसऱ्यांदा जेवायला हाक मारली. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावलाच नाही.

"मला सासरच्या त्या घरात कुणी बस म्हणालं नाय," ती म्हणाली. "चुलीपाशी तर नायच नाय. त्याला ठावं नव्हतं का आपण बघतोय?"

मी म्हटलं, "नाही गं. विसरला तो."

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आता ती काय म्हणेल ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदाच मला तिचा राग नाही, तिची काळजी वाटली. आईवडिलांपासून लांब जायचं, हा हिशेब मी मनात पुष्कळदा केला होता. आत्यापासून लांब जायचं, हा हिशेब मी केलाच नव्हता. ती आपल्यासोबत असतेच, असं मी धरून चालले होते.

"पोरी, मी रोज देवाला सांगत व्हते," आत्या म्हणाली, माझ्याकडे न बघता. "घर वाईट निघू दे. रस्ता बघितला, वाईट शोधलं. नळ बघितला, वाईट शोधलं. वाईट निघालं असतं म्हंजी मला नाय म्हणता आलं असतं, अन् तू हितंच ऱ्हायली असतीस. आता ह्ये मेलं चांगलं निघालं." तिने नाक ओढलं. "मी उद्यापासनं कुणाची येणी घालू?"

मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं, तर तिने सवयीने माझे केस मागे सारले आणि मग हलक्या हाताने मला उठवलं.

"ऊठ. बाळूला बोलाव आत," ती म्हणाली. अण्णांना बाळू म्हणणारी जगात तेवढी एकच होती. "म्हणावं, घर बघितलं आक्कानं, पसंत हाय. लवकर बोलाव, नायतर माझं मन फिरंल."

अण्णा अंगणात फाटकापाशी शोभाताईच्या नवऱ्याशी बोलत उभे होते. आमचं अंगण ते केवढंसं. मला धावत जायचं होतं, आणि मी जमेल तितकी सावकाश गेले.